खंडेनवमीचं नाणं

"कागदावर सही केली तर मशीन वाचते. नाही केली तर भंगारात जाते. सही मी करणार नाही आणि मशीनही देणार नाही. आता बोला!"

योगिनी अजून खुर्चीत बसलीसुद्धा नव्हती. वाशिमातल्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावर जी चिंचोळी माडी आहे, तिथं अमीनाबीची खासगी तपासाची कचेरी. खाली नवरा गफ्फार लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू करायचा, वर बायको लोकांची बंद तोंडं उघडायची. दोन्ही धंदे बरे चालले होते.

"आधी बस," अमीनाबी म्हणाल्या. "भांडायचं असंल त बी बसून भांड. उकंडराव, पाणी द्या."

उकंडराव म्हणजे एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. गाडी चालवणं, सोबत राहणं आणि चुकीचा निष्कर्ष सगळ्यांच्या आधी काढणं ही त्यांची तीन कामं. तिसरं ते फुकट करायचे.

योगिनी अनसिंगची. अमरावतीला इलेक्ट्रॉनिक्स शिकली, मायक्रोवेव्हवर संशोधन केलं, आणि नोकरीच्या मागे न लागता गावी परत आली. गावातल्या शेतकरी कंपनीच्या टिनाच्या गोदामात तिनं स्टीलच्या पेटीसारखं एक मशीन उभं केलं. ओली केलेली हळदपूड आणि स्पिरिट काचेच्या भांड्यात घालायचं, मायक्रोवेव्हनं तापवायचं, की हळदीतला औषधी पिवळा अर्क झटपट सुटा होतो. कच्ची हळद व्यापाऱ्याला देण्याऐवजी गावानंच अर्क काढून विकायचा, असा बेत होता.

"काल दसऱ्याला सगळ्या संचालकांसमोर मशीन चालू केलं," योगिनी म्हणाली. "दाराशी ठिणग्या उडाल्या आणि स्पिरिट पेटलं. हळकुंडं निवडणाऱ्या दुर्गाबाईंनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. त्यांचा हात भाजला. आग विझली, दार उघडलं, तर आत मागच्या कोपऱ्यात एक रुपयाचं नाणं!"

"नाणं कुठलं?"

"पूजेचं. परवा खंडेनवमीला कामावरच्या बायकांनी मशीनची पूजा केली होती. विड्याच्या पानावर नाणं ठेवलं होतं, पण मशीनच्या वर. दुर्गाबाई शपथेवर सांगतात. आता अध्यक्ष हरीओमभाऊ म्हणतात, बायकांनी अडाणीपणानं नाणं आत टाकलं असं लिहून दे, म्हणजे मशीन निर्दोष. नाहीतर मशीनच खराब, असा ठराव आज संध्याकाळी होणार. बायकांना गोदामात पाय ठेवू देणार नाहीत, किंवा मशीन तरी जाईल."

"मंग लिहून दे ना पोरी," उकंडराव समजुतीनं म्हणाले. "नाणं त निघालंच नं आत."

योगिनीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की उकंडरावांनी पाण्याचा ग्लास स्वतःच पिऊन टाकला.

"जिनं हात भाजून घेतला, तिच्यावर मी आळ घेऊ? मेले तरी नाही!"

अमीनाबींनी ओढणी सावरली. "उकंडराव, गाडी काढा."

*

गोदामात जळक्या स्पिरिटचा वास कोंडला होता. मशीन एका अंधाऱ्या खोलीत होतं. खोलीला खिडकी नाही. एक मोठं दार अंगणात उघडायचं, एक लहान दार अध्यक्षांच्या ऑफिसात. मोठ्या दाराकडे तोंड करून भिंतीवर वायफायचा कॅमेरा होता.

अमीनाबींनी मशीनचं दार उघडून कडेवर बोट फिरवलं. दाराला चारी बाजूंनी तांब्याच्या जाळीची पट्टी होती, लहरी बाहेर पडू नयेत म्हणून. उजवीकडे ती घट्ट होती. डावीकडे लोंबत होती, आणि तिथली कड ठिणग्यांनी खाऊन टाकल्यासारखी झाली होती.

"आगीनं सुटली," उकंडरावांनी निकाल दिला.

"आगीनं स्क्रूच्या खाचा घासल्या जातात?" डावीकडचे स्क्रू काळे पडले होते, पण बोटानं काजळी पुसल्यावर त्यांच्या खाचा ताज्या घासलेल्या, चकचकीत दिसल्या. "अन् थे नाणं?"

योगिनीनं नाणं दिलं. एका बाजूनं थोडं काळवंडलं होतं, बस्स. त्याच्यावरचं कुंकूसुद्धा कडेला शिल्लक होतं.

"मी कालच ओरडून सांगितलं," योगिनी म्हणाली. "अख्खी पेटीच स्टीलची आहे. तळाशी सपाट पडलेल्या नाण्यानं एवढं काही होत नाही. पातळ टोक पाहिजे, फट पाहिजे. पण माझं ऐकतो कोण? सगळे नाण्याकडेच बोट दाखवत होते."

"दाखवाले ठेवलं असंल त दाखवतीलच."

बाहेर अंगणापलीकडच्या खोलीत दुर्गाबाई हळकुंडं निवडत होत्या. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं, तरी डाव्या हातानं काम चालूच.

"तपासवाली बाई तुमीच काय?" त्यांनी विचारलं. "मंग आयका. नाणं म्या पानावर ठेवलं, पान मशीनच्या डोक्यावर ठेवलं. या पोट्टीनं आमाले आधीच सांगतलं होतं, आत धातू नाई. एकडाव सांगतलं का आमाले समजते. मशीनवर झेंडूची माळ घातली, वजनकाट्यावर घातली. मंग दसऱ्यापावतर कोनी कायले हात लावते? पूजेले बसलेलं हत्यार थे!"

"माळा कुठं हायेत?"

"काल मशीन सुरू कराच्या आधी उतरवल्या. त्या काय, खुंटीले."

दोन माळा शेजारी टांगल्या होत्या. काट्याची माळ मलूल, पण पिवळीधमक. मशीनची माळ एका बाजूनं तशीच, दुसऱ्या बाजूची फुलं मात्र करपून चिवट झालेली, चुलीशेजारी राहिलेल्या भाजीसारखी.

"हे आगीनं झालं का?"

"नाई वो, आग त नंतर लागली. उतरवतानाच डावीकडून अशी होती. मले वाटलं, उन्हानं झाली असंल."

अमीनाबींनी माळ हुंगली आणि परत टांगली. "परवा, पूजेच्या दुपारी, तुमी कुठं होत्या?"

"इथंच. मोबाइलवर भजन लावून निवडत होती. मधातच भजन अडकलं मेलं. नुसतं गोल गोल फिरे."

"लाईन गेली असंल," उकंडराव म्हणाले.

"लाईन कायले जाईन? पंखा त फिरूनच राह्यला होता. जरा वेळानं भजन आपोआप सुरू झालं."

*

प्रज्वल कॉलेजात योगिनीच्या वर्गात होता. मशीनचं तापमान मोबाइलवर पाठवणारं वायरलेस यंत्र त्याचं. पोरगा घामाघूम झाला होता.

"माझ्यावर संशय आहे, माहीत आहे मला," तो म्हणाला. "परवा दुपारी कॅमेऱ्याचं चित्र मध्येच गेलं. तेवढ्यात कोणीतरी मोठ्या दारानं आत आलं, असं सगळे म्हणतात. आणि कॅमेरा बंद करता येणारा इथं मीच एकटा."

"केला काय बंद?"

"नाही! उलट नेट गेलं म्हणून मीच शिडी लावून राउटरकडे चढलो. दिवे नीट लागलेले, वायर नीट. काही कळेना. उतरेपर्यंत नेट परत आलं. योगिनी तेव्हा वाशिमला काचेचं भांडं आणायला गेली होती. तिला फोन करायला मला रस्त्यापर्यंत जावं लागलं. या टिनाखाली रेंज कुठे आहे?"

"अरेच्चा, म्हणूनच!" उकंडराव हातातला मोबाइल हलवत म्हणाले. "मी केव्हाचा बायकोले लावून राह्यलो."

फाटकाशी व्यापाऱ्याचा माणूस देवानंद जीपला टेकून उभा होता. कच्ची हळद त्यालाच हवी होती. अमीनाबींनी विचारायच्या आधीच त्यानं हात जोडले. "बाई, मी परवा पोहरादेवीच्या दर्शनाले होतो, अख्खं घर घेऊन. काल मले बोलावणं आलं म्हणून आलो. मशीन जळो का राहो, हळद कोनाले द्याची थे गाव ठरवंल."

"बोलावणं कोनाचं?"

देवानंदनं ऑफिसकडे पाहिलं आणि एकदम त्याला जीपचं टायर तपासायची आठवण झाली.

"हाच चोर," गाडीमागे गेल्यावर उकंडराव कुजबुजले. "मानूस पाठवला असंल यानं."

"उकंडराव, तुमी तिकिटंच फाडा."

हरीओमभाऊंनी अमीनाबींसाठी स्वतः खुर्ची पुसली. पांढराशुभ्र सदरा, आवाजात साखर.

"बहेनजी, योगिनी मले लेकीसारखी. म्हणून त म्हणतो, नाण्यावर ढकल अन् मोकळी हो. बायका काय, दोन दिवस रुसतीन."

"परवा दुपारी तुमी?"

"याच खुर्चीत! तिच्याच मशीनसाठी नागपूरच्या साहेबासंग व्हिडिओवर बोलून राह्यलो होतो. लय वेळ. प्रज्वल शिडीवर चढला थेबी या खिडकीतून दिसला, तवाबी बोलनं सुरूच होतं. साहेबाचं तोंड कसं आरशावानी साफ!"

"रेंज त नाई इथं."

"वायफाय हाय ना आपलं! एक नंबर चालते."

"वा," अमीनाबी म्हणाल्या. "लय मदत झाली तुमची."

*

संध्याकाळी अंगणात संचालक जमले. हरीओमभाऊंनी ठराव वाचायला चष्मा चढवला.

"थांबा," योगिनी उठून म्हणाली. "ठराव वाचायच्या आधी या बोलतील. नाही बोलू दिलं तर मी दारातच बसते. मशीन न्यायचं असेल तर माझ्यावरून न्या."

"आन् माह्यावरून," दुर्गाबाई तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. मागून आणखी बायका उठल्या. ठरावाचा कागद खाली आला.

अमीनाबींनी खुंटीवरची माळ सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"ही माळ नवमीच्या सकाळी मशीनले घातली, दसऱ्याच्या सकाळी उतरवली. आग त्याच्या नंतरची. मंग ही एकाच बाजूनं कायनं करपली? खोलीले खिडकी नाई, ऊन येत नाई. करपली डावी बाजू. मशीनच्या दाराची पट्टी सैल थेबी डावीकडची, अन् तिचे स्क्रू कोनीतरी फिरवलेले. योगिनी, त्या फटीतून मायक्रोवेव्ह बाहेर आल्या त ओल्या फुलाचं काय होईल?"

"शिजतील," योगिनी म्हणाली, आणि तिचे डोळे मोठे झाले. "म्हणजे नवमीला मशीन चाललं होतं?"

"चाललं होतं. पट्टी सैल करून, ठिणगी पडते का नाई थे पाहाले. अन् वायफायच्या लहरी कुठल्या पट्ट्यातल्या असतात?"

प्रज्वलनं कपाळावर हात मारून घेतला. "त्याच! मायक्रोवेव्हच्याच! एवढं मोठं मशीन गळायला लागलं तर सगळं वायफाय बसणारच. माझ्या डोक्यात कसं आलं नाही?"

"येनार कसं? खंडेनवमी होती. पूजेले बसलेल्या हत्याराले हात लावाचा नाई, हे तुमच्या हाडात हाय. मशीन बंद आहे हे सगळ्यांनी धरूनच टाकलं, शिकलेल्यांनीबी. पंखा फिरून राह्यला अन् भजन अडकलं, मंजे लाईन गेली नोती. राउटरचे दिवे नीट होते, मंजे थोबी बिघडला नोता. तुमी सगळे म्हनता, चोराले आत येता यावं म्हणून कॅमेरा बंद पडला. उलटं हाय. चोर आत होता म्हणून कॅमेरा बंद पडला!"

अंगणात कुजबुज उठली.

"मोठ्या दारानं कोनी आलं नाई, कॅमेऱ्यात तसं दिसतेच. चित्र गेलं तेव्हा मशीन सुरू झालेलं होतं, मंजे मानूस त्याच्या आधीच आत. दुसरं दार एकच, ऑफिसातलं."

"मी ऑफिसात फोनवर होतो!" हरीओमभाऊ उसळले. "प्रज्वलले शिडीवर पाह्यलं मी!"

"पाह्यलं असंल, परत येऊन बसले तवा. पण प्रज्वल शिडीवर होता तवा वायफाय मेलेलं होतं. मोबाइलची रेंज इथं नाई, आमचे उकंडराव सकाळपासून बायकोले लावून राह्यले. दुर्गाबाईचं भजन अडकलं, कॅमेरा अडकला, अन् तुमच्या साहेबाचं तोंड तेवढं आरशावानी साफ? भाऊ, नेट गेलतं असं म्हनाले असते त मी तुमाले धरू शकली नसती. पण नेट गेलं हे तुमाले समजलंच नाई. कारण त्या वेळी तुमच्या हातात मोबाइल नोता, स्क्रू पिळाचा पेचकस होता."

हरीओमभाऊ चष्मा काढून सदऱ्याला पुसू लागले.

"नाणं पानावरून तुमीच उचललं. आग मशीननं लावली म्हटलं असतं त योगिनीनं चूक शोधली असती, स्क्रू सापडले असते. बायकांनी नाणं टाकलं म्हटलं का कोनी शोधतच नाई. बायका अडाणी, हे आधीच ठरलेलं असते. पण मशीनच्या ठिणग्या दाराशी उडाल्या अन् नाण्यावरचं कुंकूबी जळलं नाई."

"हरीओम," एक म्हातारे संचालक, ग्यानबा, हळूच म्हणाले, "कायले रे?"

"कायले मंजे?" साखर संपली होती. "येत्या हंगामाच्या हळदीचा शब्द देऊन बसलो होतो देवानंदच्या शेठले! अर्क गावातच निंघाला असता त माह्याकडं कोनी पाह्यलं असतं? काल आलेली पोट्टी अन् ह्या हळकुंडं निवडनाऱ्या बाया गोदाम चालवतीन काय?"

दुर्गाबाई पुढे आल्या. आवाज चढवायची त्यांना गरजच पडली नाही.

"माहा हात भाजला तवा तू लेका, पाह्यत उभा होता. स्विच कुठं हाय थे तुलेबी माहीत होतं."

ग्यानबांनी ठरावाचा कागद हरीओमभाऊंच्या हातातून काढून घेतला आणि फाडला. पोलिसांना बोलवायला प्रज्वल रस्त्यापर्यंत पळाला.

"मी आधीच म्हटलं होतं," उकंडराव म्हणाले, "अध्यक्षच असंल."

"कधी म्हटलं?" अमीनाबींनी विचारलं.

"मनात म्हटलं."

योगिनी मशीनपाशी उकिडवी बसून पट्टीचे स्क्रू काढत होती. डोळे पुसायला तिचे हात मोकळे नव्हते, त्यामुळे पाणी हनुवटीवरून तसंच खाली गळत होतं. "दार नवीन करावं लागेल," ती म्हणाली. "भांडं आणलंच आहे. दिवाळीच्या आत याच संचालकांसमोर चालवून दाखवते. याच जागेवर."

"दाखवते काय दाखवते? दाखवू म्हन!" दुर्गाबाईंनी टेबलावरची गोदामाची किल्ली उचलली, अध्यक्षांकडे न बघता पदराला बांधली आणि कुंकू लागलेलं नाणं अमीनाबींकडून मागून घेतलं. मग मशीनच्या डोक्यावर, आधीच्याच जागी ठेवलं.

"पूजाबी आमीच करू," त्या म्हणाल्या, "अन् मशीनबी आमीच चालवू. सरक पोरी, थो पेचकस इकडं दे. माहा डावा हात चांगला हाय अजून."