एकोणीस फायलींची नावं

शवागाराशेजारच्या नोंदखोलीत ताईला बारा वर्षं झाली होती. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला ताईच म्हणायचे. मेलेल्यांची भीती तिला कधी शिवली नव्हती. "ते बिचारे काय करणार? उलट उत्तर तरी देत नाहीत," असं म्हणत ती फॉर्मेलिनच्या वासात खुशाल चहा प्यायची.

त्या दुपारचं काम साधंच होतं. कारखान्यात बॉयलर फुटून अकरा कामगार गेले होते. सकाळी डॉक्टरांनी त्यांचं शवविच्छेदन उरकलं. शिवणाऱ्या काकांनी पोत्याला घालतात तसे जाड पांढऱ्या दोऱ्याचे टाके घालून एकेकाला बंद केलं, पायाच्या अंगठ्यांना एक ते अकरा आकड्यांच्या चिठ्ठ्या बांधल्या आणि त्याच क्रमाने प्रत्येकाचा एकेक फोटो काढला. कार्ड रिकामं असलं की कॅमेरा एकपासून मोजायला लागतो आणि फायलींना 'फोटो_०१', 'फोटो_०२' अशी नावं देतो. त्यांची 'मृत_०१', 'मृत_०२' करायची, एवढंच ताईचं काम.

एकेक नाव हाताने बदलत बसणं तिच्या जिवावर यायचं. ती संगणकाच्या काळ्या खिडकीत एकच ओळ लिहायची: 'फोटो_'ने सुरू होणारं जे असेल त्याचं 'मृत_' कर. आकड्याच्या जागी नुसती एक चांदणी. चांदणी म्हणजे काहीही, कितीही. एंटर मारलं की काम फत्ते.

तिचा एक नियम मात्र होता. आधी चाचणी घ्यायची. चाचणीत संगणक कशाचं काय होणार ते फक्त दाखवतो, करत काही नाही. ती यादी नजरेखालून घालायची आणि मग खरी ओळ चालवायची. पण आज नेमका धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, गॅरेज बंद करून निघतोच आहे. जेवायला बाहेर जाऊ. भूक लागलीय, तुझी फाइलपुराणं नंतर!" ती हसली आणि चाचणी राहू दिली. अकराच तर होत्या.

खिडकीत उमटलं: एकोणीस नावं बदलली.

एकोणीस? मग तिला आठवलं. धाकट्याने नवं गॅरेज उघडलं म्हणून रविवारी तिने कचेरीचा कॅमेरा नेला होता. त्याचे आठ फोटो काढले होते, आणि कार्ड रिकामं करायचं साफ विसरली होती. पहिले आठ 'मृत' म्हणजे तिचा भाऊ होता.

फायली परत जागेवर लावू म्हणून तिने 'मृत_०१' उघडली. धाकटा पाना हातात घेऊन हसत उभा होता. फक्त त्याचं कपाळ डाव्या भुवईपासून केसांपर्यंत फाटलेलं होतं. आतलं पांढरं हाड दिसत होतं, आणि तो तसाच हसत होता. ही जखम ताईने सकाळी पाहिली होती. ती एक नंबरच्या कामगाराची होती.

'मृत_०२'मध्ये त्याच्या उजव्या हाताचा चेंदामेंदा झाला होता. 'मृत_०३'मध्ये वाफेने भाजलेली कातडी गालावरून लोंबत होती.

फोन अजून चालूच होता. "ताई... अगं, जॅक निसटला... कपाळातून रक्त..."

"बाहेर पड! आत्ताच्या आत्ता बाहेर पड!"

पलीकडे लोखंड कोसळलं. "हात! ताई, माझा हात..." तो गुरासारखा ओरडत होता. मग कुठेतरी वाफ सुटल्यासारखं फिस्स... असा आवाज यायला लागला.

ताईला पुढचं माहीत होतं. तिने उलटी ओळ लिहिली: 'मृत_'ने सुरू होणारं जे असेल त्याचं पुन्हा 'फोटो_' कर. पुढे चांदणी टाकली. चाचणीला वेळ कुणाला होता? एंटर.

एकोणीस नावं बदलली.

"ओरडतेस काय अशी?" फोनवर धाकटा हसत होता. "हेल्मेट घालतोय. दहा मिनिटांत आलो." ताईने टेबलावर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडली.

तेवढ्यात काका दारात आले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "ताई... कप्प्यांतून आवाज येतोय."

शीतखोलीतले अकराच्या अकरा कप्पे आतून धडधडत होते. पत्र्यावर नखं ओरखडत होती. कुणी आईला हाका मारत होतं, कुणी पाणी मागत होतं. सातव्यातून एक बारीक आवाज आला, "उघडा... माझ्या पोटात काही नाहीये..."

"सकाळी डॉक्टरांनी रिकामे केलेत त्यांना," काका कुजबुजले. "हे जगणार कसे?"

"जगत नाहीयेत, काका. त्यांना नुसतं दुखतंय."

ती परत आली. आता चांदणी नव्हती. चांदणी लावली असती तर धाकटाही त्यात गेला असता. तिने एकेक नाव हाताने लिहिलं. 'फोटो_०९'चं 'मृत_०१'. एंटर. भिंतीपलीकडची एक किंकाळी गळा चिरल्यासारखी मध्येच तुटली. दुसरी तुटली. तिसरी तुटली. सातव्याच्या वेळी तो ओरडला, "नको, बाई, नको! माझी पोरं..." ताईला स्वतःची किळस आली. तिने एंटर दाबलं. अकराव्यानंतर फक्त शीतयंत्राची घरघर उरली.

काकांनी कपाळावरचा घाम पुसला.

दहा मिनिटांनी धाकटा शीळ घालत आत आला. कपाळ कोरं, हात धड, गाल गुळगुळीत. ताईने धावत जाऊन त्याला घट्ट मिठी मारली. शर्ट उन्हाने तापला होता, पण त्याखालचं अंग थंडगार होतं. ती दचकून मागे झाली आणि तिने त्याच्या शर्टाची वरची दोन बटणं काढली. दोन्ही खांद्यांपासून निघालेली शिवण छातीवर एक होऊन खाली पोटाकडे गेली होती. जाड, पांढऱ्या दोऱ्याची.

"हे काय?"

"हे? लहानपणापासूनच आहे की, ताई," धाकटा म्हणाला. "चल ना, भूक लागलीय. सकाळपासून पोटात काही नाहीये."

काका पुढे झाले. त्यांनी एका गाठीवरून हलकेच बोट फिरवलं आणि हात झटकन मागे घेतला.

"टाका माझाच आहे, ताई... पण मी सकाळी अकराच जणांना शिवलं."