धुक्यातलं गाऱ्हाणं

पहिल्या भेटीत चंदनने झेलली ती माझी छत्री. मला नव्हे! आंबोलीच्या कावळेसादला वारा दरीतून उलटा वर येतो, धबधब्याचं पाणीसुद्धा वर फेकतो. छत्री उडाली ती थेट त्याच्या चहाच्या टपरीवर.

दरी धुक्यात होती. म्हणून पुढच्या रविवारी परत आले. मग त्याच्या पुढच्याही. दरी काही दिसेना, चंदन मात्र दर खेपेला जास्तच दिसायला लागला.

आज तर पाऊस नुसता झोडपत होता.

"किशोरी, घराक जा गो. आज काय दिसूचा नाय."

"मी जातलंय कड्यार. येतंस तर ये."

तो टपरी तशीच टाकून मागून आला. "तुका दरी बघूची आसा, की माका?"

"दरी! तू काय… रोजचोच."

हसला मेला. पण पुढे? पुढे गप्प. थट्टा हवी तेवढी, मुद्द्याचं बोलायचं तर दातखीळ! उद्या शिरोड्याला आमच्या घरी मला बघायला मुंबईचं स्थळ येणार होतं. हे त्याला सांगून झालं होतं. मी बाबांना नको म्हणायला तयार होते, पण कोणासाठी, ते त्या 'कोणा'ने एकदा तरी बोलायला नको?

कठड्याला घट्ट धरून उभी राहिले. तोंडावर पाणी सपासप बसत होतं. चंदनचे वडील देवळात गाऱ्हाणं घालतात. ते मागणं मागतात आणि सगळा गाव 'व्हय महाराजा' म्हणतो. चंदन तर बोलायला शिकला तोच ते म्हणत. मी हात जोडले आणि ओरडले,

"बा देवा महाराजा!"

"व्हय महाराजा!" सवयीने तोही ओरडला.

"ह्या चंदनाच्या तोंडाची खीळ काड रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"तेका ह्या किशोरीवांगडाच लगीन करूचा आसा रे महाराजा!"

"व्हय महा—"

त्याने तोंडावर हात मारला. कान लालबुंद!

"गो… ही फसवणूक झाली!"

"झाली. देवासमोर व्हय म्हटलंस. आता फिरवतंस?"

मी परत कठडा धरला. त्याने कठड्यावरचा माझा गारठलेला हात हातात घेतला… आणि सोडला नाही.

"उद्या येतंय शिरोड्याक. पाव्हण्यांच्या आदी."

"आणि बाबांनी काय इचारल्यानी तर?"

"काय पण इचारूंदेत," तो म्हणाला, "मी 'व्हय महाराजा'च म्हणतलंय."

दरी त्या दिवशीही दिसली नाही. दिसली असती तरी मी कुठे बघत होते!