चौदावी खुर्ची

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. बॅरी क्लेग खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल होतात. ही गोष्ट सांगताना ते पांढरेफटक होते.

ती रात्र होती.

दुपारी बाराची रात्र.

यॉर्कशायरमधलं स्कार्थवेट हॉल नावाचं जुनं, श्रीमंत घर. तिथे टीव्हीच्या एका मालिकेचं शूटिंग चाललं होतं. महायुद्धाचा काळ, एक बडं इंग्रज कुटुंब, बाहेर बॉम्ब पडतायत आणि आत कोणता चमचा कधी उचलायचा यावर चर्चा. जेवणाचा प्रसंग रात्रीचा होता, म्हणून खिडक्यांवर बाहेरून काळं कापड ठोकलं होतं. खऱ्या युद्धात उजेड बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या काळ्या करायचे. आता तो आत येऊ नये म्हणून केल्या होत्या.

बॅरी एक्स्ट्रा होता. त्याचं काम नोकराचं. भिंतीला टेकून उभं राहायचं, एकदा बटाटे फिरवायचे आणि एक वाजता मोकळं.

आणि त्याला मोकळं व्हायलाच हवं होतं. चार वाजता खालच्या गावात त्याच्या बहिणीचं, जोअ‍ॅनचं लग्न होतं. वडील नव्हते. तिचा हात धरून तिला चर्चमध्ये नेणारा बॅरीच.

"उशीर केलास ना, तर मी कुत्र्याचा हात धरून आत जाईन," सकाळीच जोअ‍ॅनने फोनवर सांगितलं होतं. "बाबांच्या अंत्यविधीलाही तू शूटिंगवरून धावत आलास. प्रेताच्या मेकअपमध्ये. लोक बाबांना सोडून तुझ्याकडे बघत होते."

"आज नाही गं. शपथ."

त्यानंतर फोन जमा करून घेतले. युद्धाच्या काळात कुणाच्या खिशात मोबाइल वाजला तर बरं दिसत नाही.

पहिल्याच शॉटच्या आधी दिग्दर्शकाची मदतनीस टॅमसिन टेबलाभोवती बोट फिरवत थांबली.

"तेरा! टेबलावर तेराच माणसं आहेत!"

सगळ्यांनी पुन्हा मोजलं. तेरा जणांनी एकत्र जेवायला बसणं या लोकांत फार अशुभ. प्रेक्षक मालिकेतला खून माफ करतील, हे करणार नाहीत. चौदावा नट अजून हायवेवरच्या ट्रॅफिकमध्ये अडकला होता.

"बॅरी, राजा, तू बस तिथे."

"मी? मी तर नोकर आहे."

"आता तू कुणाचा तरी चुलतभाऊ आहेस. अभिनंदन."

खुर्चीवर एक वाळलेलं काटेरी बोंड ठेवलं होतं. मोठ्या घरांत ज्या खुर्चीवर पाहुण्यांनी बसायचं नसतं, तिच्यावर असं बोंड ठेवतात. 'बसू नका' अशी पाटी लावणं असभ्य. बसणाऱ्याला टोचणं सभ्य.

टॅमसिनने बोंड उचललं आणि बॅरीच्या हातात दिलं. त्याने ते खिशात टाकलं.

बसल्यावर त्याच्या लक्षात आलं... घोटाळा झाला. एकदा कॅमेऱ्याने तुम्हाला खुर्चीत पाहिलं, की प्रसंग संपेपर्यंत तुम्ही त्या खुर्चीचे. प्रसंग पाच वाजेपर्यंत चालणार होता.

"मला चार वाजता लग्नाला पोचायचंय," तो शेजारणीला कुजबुजला.

शेजारी मॉरीन होती. गळ्यात खोटे मोती, टेबलाखाली खरं विणकाम. "तुझं?"

"बहिणीचं."

"मग तिला सांग, वाट बघ. या खुर्चीची वाट बघायची सवयच आहे लोकांना."

"म्हणजे?"

मॉरीनने एक टाका उलटा घातला. ती याच गावची. "ही ऑब्रीची खुर्ची. या घरचा मुलगा, फौजेत होता. युद्धात एका रात्री सुट्टीवर घरी यायचा होता. पानं वाढली, तो आला नाही. त्याची आई, लेडी ऑगस्टा, म्हणाली, ऑब्री आल्याशिवाय मी उठणार नाही. आणि घरची बाई उठल्याशिवाय टेबलावरून कुणी उठत नाही, ठाऊक आहे ना?"

"मग?"

"मग काय. सगळे पहाटेपर्यंत बसून. एका पाहुण्याला वारंवार जावं लागायचं म्हणे. बिचारा."

"आणि ऑब्री?"

"नाही आला रे. कधीच नाही."

सव्वातीन वाजता एकदाची जेवणाची सुट्टी झाली. बॅरी टॅमसिनला विनवणी करायला उठणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "बॅरी, तू हलू नकोस. तुझ्यावरचा दिवा नीट करायचाय. पाचच मिनिटं."

सगळे गेले. दिवेवाला बल्ब आणायला गेला.

दार बंद झालं.

बाहेरच्या जनरेटरची घरघर थांबली... दिवे गेले. उरल्या फक्त टेबलावरच्या मेणबत्त्या.

बॅरीने ठरवलं, आता पळायचं. नोकरी गेली तर गेली.

त्याने खुर्ची मागे ढकलली.

खुर्ची हलली नाही.

त्याने पुन्हा जोर लावला. खुर्ची उलट... आत सरकली. हळूच, अदबीने. मागे कुणीतरी उभं असावं तशी. टेबलाची कड त्याच्या पोटात रुतली.

त्याने मागे पाहिलं. कुणीच नव्हतं.

टिक... टिक... टिक...

भिंतीवरचं घड्याळ चालू झालं होतं. आवाज नको म्हणून साउंडवाल्याने सकाळीच त्याचा लंबक काढून ठेवला होता. लंबक अजूनही खालच्या स्टुलावर पडलेला दिसत होता.

मग चमच्यांचे आवाज आले. एका बाजूने... दुसऱ्या बाजूने... बशीला चमचा लागावा तसे. खुर्च्या रिकाम्या. उकडलेल्या कोबीचा वास पसरला. सकाळपासून टेबलावर रंगवलेलं प्लास्टिकचं डुक्कर होतं. कोबी कुठेच नव्हता.

कुणीतरी खोकलं. कुणीतरी अवघडून पाय हलवले. बहुतेक तोच, ज्याला वारंवार जावं लागायचं.

बॅरी ओरडला. आवाज काळ्या कापडात जिरून गेला. त्याने विचार केला, मागे जाता येत नाही, वर जाता येत नाही. खाली जाता येईल.

अंग चोरून तो खुर्चीतून घसरला आणि टेबलाखाली शिरला.

ती चूक झाली.

टेबलाखाली पाय होते.

वर एकही माणूस नव्हता. खाली मात्र रांगेने पाय. रेशमी चपला. पॉलिश केलेले काळे बूट. एका बाईने दमून टाचा चपलेबाहेर काढल्या होत्या. वाट नव्हती. पायांची भिंत होती, गुडघ्याला गुडघा लागलेली.

बॅरीने स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

सकाळी त्याला नोकराचे चकचकीत पंप शूज घातले होते. आता पायांत फौजी बूट होते. ओले. त्यांवरचा चिखल अजून गळत होता...

तेवढ्यात वरून आवाज आला. टेबलाच्या टोकाकडून. म्हाताऱ्या, थकलेल्या, शिस्तशीर बाईचा.

"ऑब्री, टेबलाखाली काय करतोयस?"

आता इथे एक गोष्ट समजून घ्या. बॅरी अकरा वर्षं एक्स्ट्रा होता. त्या अकरा वर्षांत त्याच्याशी एकदाही कुणी संवाद बोललं नव्हतं. उत्तर देण्याची संधी कधी आलीच नव्हती. तोंडातून शब्द गेले ते भीतीने नाही, संवादाच्या उपासमारीने.

"रुमाल पडला होता, मम्मा."

चमचे थांबले.

घड्याळ थांबलं.

एक दीर्घ श्वास ऐकू आला. हुंदका होता की हसू, हे बॅरीला आजही सांगता येत नाही.

"बरं," आवाज म्हणाला. "आलास. आता उठू या."

टोकाची खुर्ची सरकली. रेशमाची सळसळ झाली. मग सगळ्याच खुर्च्या एकदम मागे गेल्या. कुणीतरी घाईघाईने दाराकडे धावलं. पाय नाहीसे झाले.

जनरेटर घरघरला. दिवे आले. दिवेवाला दारात बल्ब घेऊन उभा होता.

"काय रे, टेबलाखाली काय करतोयस?"

बॅरी जो पळाला तो टेकडी उतरून थेट चर्चमध्येच थांबला.

चारला दहा कमी होते. अंगात नोकराचा कोट, पायांत पंप शूज. कोरडे. जोअ‍ॅनने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"निदान या वेळी जिवंत माणसाच्या वेशात आलास," ती म्हणाली आणि त्याचा हात घट्ट धरला. तो वेळेवर पोचला होता. त्याला रडू आलं. लोकांना वाटलं, किती प्रेम आहे बहिणीवर. होतंच.

मग मेजवानी. बॅरी बहिणीच्या शेजारी बसायला गेला. मागून कुणीतरी खुर्ची अलगद आत सरकवली.

"थँक्यू," बॅरी म्हणाला आणि वळला.

मागे भिंत होती.

त्याला दोन वर्षं होऊन गेली. बॅरीने शूटिंग सोडलं. लीड्समधल्या दोन खोल्यांत एकटाच राहतो. ते काटेरी बोंड खिशात तसंच राहिलं होतं. ते त्याने स्वयंपाकघरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर ठेवलंय आणि तो उभ्याने जेवतो.

मी विचारलं, "मग आता ठीक आहे ना?"

"संध्याकाळी कामावरून येतो," तो म्हणाला, "तेव्हा बोंड टेबलावर असतं. खुर्ची थोडी मागे ओढलेली असते. कोबीचा वास येतो..."

"मग तू काय करतोस?"

आम्ही हॉटेलात बसलो होतो, जेवण कधीच आटपलं होतं. बाहेर त्याची शेवटची बस येऊन उभी राहिली. मी उठलो. बॅरी मात्र बसूनच राहिला, दोन्ही हात मांडीवर, टेबलाच्या रिकाम्या टोकाकडे बघत.

"तू हो पुढे," तो हळूच म्हणाला. "ती अजून उठली नाही."