व्हार्निशचा पाचवा हात

“दार! दार लावा आधी!”

मी त्याच्याशी बोललेले हे पहिले शब्द. नमस्कार नाही, चमत्कार नाही. बाहेर एप्रिलमधली सर आडवीतिडवी कोसळत होती, आमच्या दारात एक उंच माणूस निथळत उभा होता, आणि माझ्या हातात व्हार्निशमधून नुकतीच वर काढलेली गळाची काठी होती. ओल्या व्हार्निशला वाऱ्याची झुळूकसुद्धा खपत नाही. आणि हा गडी आत येऊन चक्क अंग झाडत होता! त्याच्या स्वेटरची लोकर इतकी झुबकेदार, की त्यापेक्षा मेंढी परवडली.

“सॉरी... पाऊस आला म्हणून जरा—”

“हलू नका!”

तो हलला नाही. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. काठीवर लोकरीचे तंतू ऐटीत चिकटले होते.

नेटाआत्याने चष्म्यावरून त्याला न्याहाळलं. “झालं! आता ही पुन्हा घासा. नाव काय रे तुझं?”

“लॅकलन.”

“मग लॅकलन, चहा घे आणि एका काठीची ऑर्डर देऊन जा. फुकट आसरा मिळत नाही इथे.”

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त मिटायचा. मी मुकाट्याने पॉलिश पेपर उचलला आणि घासायला लागले. काठीची चुकीची बाजू घासत होते, ते बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

आत्या बांबूच्या काठ्या करते आणि मी, एफी, तिची भाची, तिच्या हाताखाली शिकले. ट्वीड नदीवर मासे धरणारे लोक आमच्या काठीसाठी थांबायला तयार असतात. लॅकलन मात्र दर गुरुवारी आमच्याकडे येऊन थांबायचा. नदीतले मासे मोजणं ही त्याची नोकरी, त्यामुळे गप्प बसून बघत राहायची त्याला सवयच होती. मी बांबू फोडून कामट्या काढायचे, गाठी दिव्याच्या ज्योतीवर शेकून सरळ करायचे, मग रंधा मारायचे. तो स्टूल ओढून बघत बसायचा. आमचं अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंच नाही.

“सारखं बोट फिरवून काय बघतेस?” त्याने एकदा विचारलं.

“सहा कामट्या चिकटवून एक काठी होते. एखादी जरा कुठे जाड राहिली, तर सहाजणी एकमेकींना नीट चिकटत नाहीत. फट पडते.”

“मला दाखव.”

मी त्याचं बोट धरलं आणि कामटीच्या कडेवरून हळूच फिरवलं.

“कळलं?”

“नाही,” तो म्हणाला. “पुन्हा एकदा...”

पलीकडे आत्या खोकली. तिला खोकला वगैरे काही नव्हता.

त्याच दिवशी त्याने नॉर्वेचं सांगितलं. तिकडे पार उत्तरेला, एका नदीवर सॅमन मासे मोजायला माणूस हवा होता. कायमची नोकरी. मे संपायच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं.

“मग? कळवलंस?”

“काठी तर होऊ दे. काठी झाली की बघू.”

“मजा आहे बुवा एका माणसाची,” मी म्हणाले आणि रंधा असा काही मारला की कामटीच वाया गेली.

व्हार्निशचे हात दोन. आत्याचा नियम आहे, आणि बरोबर आहे. त्याहून जास्त झाले की काठी जड होते, तिची लवचीक चाल मरते. लॅकलनच्या काठीवर दुसरा हात वाळला तेव्हा ती मधासारखी दिसत होती. एक डाग नाही, एक तंतू नाही. गुरुवारी तो आला आणि म्हणाला, “झाली?”

मी काठीवरून बोट फिरवलं. ठणठणीत वाळली होती.

“अं... जराशी चिकट आहे अजून.”

पुढच्या गुरुवारी, तो यायच्या जरा आधी, मी तिसरा हात दिला. निदान माझं बोलणं खोटं तरी पडू नये! त्या दिवशी तो काठ्या वाळवायच्या कपाटाला खेटूनच बसला, आणि काठीवर पुन्हा लोकर. मी वरवर चिडले, आतून मात्र गुणगुणत, पुढच्या गुरुवारी सकाळी चौथा हात दिला. मग पुन्हा लोकर. मग पाचवा.

आणि मग एक दिवस, लॅकलनच्या समोरच, आत्याने ती काठी कपाटातून काढली, रीळ चढवलं आणि नदीवर नेली. आम्ही दोघं मागोमाग. तिने दोर मागे नेला, पुढे फेकला... काठी मागे गेली आणि पुढे यावं की नाही, याचा विचार करत बसली. दोर पायाशीच गोळा झाला.

“एफी, किती हात दिलेस?”

“... पाच.”

“पाच! अगं, काठी आहे की दाराची चौकट? माझं नाव आहे हिच्यावर!” तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. “मी चहा टाकते. सावकाश टाकणार आहे.”

ती गेली. मला तोंड लपवायला जागा नव्हती. इतकी वर्षं शिकलेलं काम मी स्वतःच्या हाताने नासवलं होतं.

“तू येत राहावंस म्हणून केलं,” मी म्हणाले. “काठी झाली की तू जाणार... आणि मला तू आवडतोस. खूप.”

लॅकलन कानापर्यंत लाल झाला. “एफी, आज किती उकडतंय बघ. अशा उकाड्यात कुणी लोकरीचा स्वेटर घालतं का?”

मी त्याच्या अंगातल्या स्वेटरकडे पाहिलं.

“तू... मुद्दाम?”

“कपाटाच्या फटीशी जरा झटकायचो. फार नाही—”

“माझ्या ओल्या व्हार्निशवर!” मी त्याच्या दंडावर एक फटका दिला, मग आणखी एक. मला हसू येत होतं आणि रडूही. “मूर्ख माणसा, नुसतं बोलता आलं नसतं?”

“तुला आलं?”

मी पायाशी पडलेला दोर गुंडाळायला लागले. “हे बघ, ही काठी मी खरवडून नीट करणार. दोनच हात देणार आणि वाळली की वाळली म्हणून सांगणार. तू जा म्हणणार नाही, राहा म्हणणार नाही. ते तुझं तू ठरव.”

पुढचे दोन गुरुवार तो आला नाही. मी पात्याने खरवडत राहिले, दोराच्या कड्या धरून ठेवणारे रेशमाचे वेढे सांभाळत, आणि एकही हात जास्त दिला नाही. आत्या विचारायची काही नाही, फक्त जेवताना माझ्या ताटात एक बटाटा जास्त वाढायची.

मे महिना संपता संपता, एका मंगळवारी दार उघडलं. तो होता. साध्या सुती शर्टात.

मी काठी त्याच्या हातात दिली. “वाळली आहे. बघ हात लावून. आता तुला इथे यायला काही निमित्त उरलं नाही.”

त्याने काठी नीट बाकावर ठेवली आणि माझं बोट धरलं.

“नाही उरलं,” तो म्हणाला. “सकाळी नॉर्वेला नाही म्हणून कळवलं, आणि विनानिमित्त आलो.”