राजा एक घर बाजूला

दाढ दुखायला लागली नसती तर त्या दोघांची गाठ पडायचं काही कारणच नव्हतं.

ती बुद्धिबळाच्या एका मासिकात काम करायची. दुसऱ्यांचे डाव तपासायचे, चुका शोधायच्या, टिपा लिहायच्या. स्वतः फारशी खेळायची नाही. पण पट समोर नसतानाही डोक्यात डाव मांडून बसायची सवय होती. त्या सकाळी गाल सुजला होता आणि कामही अडलं होतं. म्हणून छपाईचे कागद मांडीवर घेऊनच ती दंतवैद्याच्या खुर्चीत आडवी झाली. तोंड उघडं, डोळ्यांवर दिवा, आणि कानाशी यंत्राची ती जीवघेणी घरघर…

घरघर मधेच थांबली.

“हा डाव कुठून मिळाला तुम्हाला?”

“आं…”

“बोलू नका. जीभ आत.” डॉक्टरांची नजर तिच्या मांडीवरच्या कागदावर होती. “बाविसाव्या चालीला उस्ताद घोडा देतात. मग हत्ती देतात. मग सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवतो. लोकांना फार आवडतो हा डाव.”

“अं… अं?”

“नाही, मला तितकासा नाही आवडत. समोरच्या खुर्चीत मीच बसलो होतो.”

ती ताडकन उठून बसली. तोंडातली नळी सुटली, पाण्याची चिळकांडी थेट डॉक्टरांच्या चष्म्यावर. बाहेरच्या टेबलामागून त्यांची मावशी, जी दवाखान्याचा हिशेब आणि भाच्याचं आयुष्य दोन्ही सांभाळायची, ओरडली, “काय रे, पळाली का पेशंट?”

“नाही मावशी,” चष्मा पुसत तो म्हणाला. “ही पळणाऱ्यातली दिसत नाही.”

त्या कागदावर छापलं होतं — पांढरे : उस्ताद. काळे : एक तरुण खेळाडू. इतकंच. मासिकातर्फे उस्तादांच्या निवडक डावांचं पुस्तक निघत होतं. हा डाव त्यातला सर्वांत गाजलेला, आणि हरणाऱ्याचं नाव कुणालाच आठवत नव्हतं. आता तो तरुण खेळाडू पस्तिशीला आला होता, कानांशी केस जरा पांढरे, आणि हातात चिमटा.

आठवड्याने ती परत आली.

“अजून दुखते?”

“नाही.”

“मग?”

“हत्ती का मारलात, ते विचारायचंय.”

तो इतका मोठ्याने हसला की मावशीने दारातून डोकावून पाहिलं.

मग ते रोजचंच झालं. दुपारी दवाखान्याला सुट्टी असायची. अवजारांच्या ट्रेवर तो छोटा पट मांडायचा. एक काळा हत्ती कधीचाच हरवला होता. त्याच्या जागी प्लास्टरची दाढ उभी राहायची. तिने पहिल्यांदा ती दाढ उचलून बारकाईने पाहिली, तेव्हा तो म्हणाला, “जपून हं. ती एका निवृत्त न्यायाधीशांची आहे.”

“म्हणूनच सरळ चालते वाटतं.”

“तुम्ही नेहमी असंच बोलता का?”

“नाही. एरवी माझ्या तोंडात तुमचं यंत्र असतं.”

डाव त्याला तोंडपाठ होता. तो सांगायचा आणि बोटांनी हलवायचा, एखाद्याने आपल्या गावचा पूर सांगावा तसा. “हे बघा, इथपर्यंत सगळं बरं चाललंय. माझा राजा कोपऱ्याजवळ, समोर प्याद्यांची भिंत. आणि अचानक त्यांचा घोडा माझ्या अंगणात येऊन उभा. फुकट! प्याद्याने मारला की भिंतीला भगदाड. न मारावा तर तो आणखी आत येतो. मारला. मग लांबून उंटाचा शह, राजा कोपऱ्यात. आणि मग… हे…” त्याने पांढरा हत्ती उचलून अलगद राजाच्या पुढ्यात ठेवला. “शह. शेजारी येऊन उभा राहतो आणि म्हणतो, घे मला.”

“आणि तुम्ही घेतला.”

“घेतला. मग वजीर शांतपणे एक घर सरकला. शह नाही, काही नाही. नुसता सरकला. मी सगळ्या वाटा तपासल्या. एकही उघडी नव्हती. चार चालींत मात.” तो खुर्चीला टेकला. “काय देखणं होतं ते! मी हरत होतो आणि मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.”

“म्हणून खेळ सोडलात?”

“बाबा म्हणाले, दवाखाना कोण बघणार. मलाही वाटलं, असं खेळणारी माणसं वेगळी असतात. आणि त्या दिवशी माझं चुकलं काय? पूर येतो, घर वाहून जातं. त्यात घराचा काय दोष? हे एकदा कळलं ना, की झोप छान लागते.”

तो खरंच शांत माणूस होता. रडणाऱ्या पोरांना हसवायचा, म्हाताऱ्यांच्या कवळ्यांना लाडाची नावं द्यायचा. तिच्यासाठी कॉफीत साखर कमी घालायचा आणि वर दम द्यायचा, “दातांच्या भल्यासाठी.” एका संध्याकाळी भुरभुर पाऊस होता. दोघांत एक छत्री. तिने पाहिलं, त्याचा एक खांदा पार भिजला होता, तिचा कोरडा होता. ती जरा जवळून चालायला लागली… आणि त्याने चालणं जरा सावकाश केलं.

“मला ‘तुम्ही’ म्हणायचं बंद करा आता,” ती म्हणाली.

“बरं. तू पण कर.”

“मला नाही जमणार.”

“का?”

“तुम्ही माझी दाढ पाहिलीय,” ती म्हणाली. आणि दोघं भर रस्त्यात खुळ्यासारखी हसत सुटली.

पुस्तकाच्या टिपा मात्र तिला लिहायच्याच होत्या. एका रविवारी सकाळी ती ताईच्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. डोक्यात तोच डाव. घोडा, उंट, हत्ती. हत्ती मारला की संपलं. पण… न मारला तर? राजा नुसता बाजूला झाला, एक घर, त्या हत्तीच्या खांद्याला खांदा लावून? छे, वजीर शह देतो. देऊ दे. राजा आणखी एक घर सरकतो. आणखी एक शह. आणखी एक घर… राजा कोपरा सोडून चालत चालत पटाच्या मध्यावर येतो आणि उस्तादांकडचे शह संपतात.

तिने पुन्हा पाहिलं. पुन्हा संपले.

“अगं, सालं भांड्यात आणि दाणे कचऱ्यात टाकतेयस!” ताई म्हणाली. “काय झालं? पांढरी का पडलीस?”

तिने सांगितलं. ताईला पटातलं काही कळायचं नाही, बहिणीतलं कळायचं.

“म्हणजे तो जिंकला असता? मग सांग की त्याला! खूश होईल.”

“नाही होणार गं. काहीच करता येण्यासारखं नव्हतं, याच्यावरच तो इतकी वर्षं सुखाने झोपलाय.”

“मग नको सांगूस.”

“आणि पुस्तकात छापून आल्यावर कळलं तर?”

ताई दाणे कचऱ्यातून वेचत म्हणाली, “आवडतो का तुला?”

तिने सोललेलीच शेंग पुन्हा सोलायला घेतली. ताईला तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पट मांडला. हत्ती त्याच्या राजापुढे ठेवला आणि म्हणाली, “आता मारू नका.”

“मग काय करू? कोपऱ्यात आहे मी.”

तिने बोटाने राजा एक घर बाजूला केला.

तो हसायला गेला. मग हसू राहिलं अर्ध्यावर. त्याने पांढरा वजीर उचलला, शह दिला. तिने राजा हलवला. पुन्हा शह, पुन्हा राजा. त्याने सगळं मागे घेतलं, दुसऱ्या वाटेने आला. तिसऱ्या वाटेने आला. राजा चालतच राहिला. बाहेर मावशी म्हणाली, “अरे, तीनचे पेशंट बसलेत.” त्याला ऐकूच आलं नाही.

“एक घर,” शेवटी तो म्हणाला. “एवढंच होतं?”

“कुणालाच दिसलं नव्हतं. उस्तादांनाही नाही. आजपर्यंत कुणालाच…”

“माझ्याकडे वेळ होता. घड्याळात भरपूर वेळ होता. मला तो डाव इतका सुंदर वाटला की मी शोधलंच नाही.” त्याने चष्मा काढला. चष्म्याशिवाय तो एकदम कोवळा दिसला, त्या हॉलमधल्या पोरासारखा. “पेशंटला आत पाठव जाताना.”

त्यानंतर तो बरेच दिवस भेटला नाही. ती दवाखान्यावरून जायची. मावशी वरच्या खिडकीच्या काचेआडून मान हलवून ‘नको’ म्हणायची. तिला वाटायचं, झोपलेल्या माणसाला आपण उठवलं आणि पांघरूणही ओढून घेतलं.

मग एके दिवशी तो स्वतःच मासिकाच्या कचेरीत आला, धापा टाकत, जिना चढून.

“मी एका स्पर्धेत नाव दिलंय!”

त्या स्पर्धेत तो तिसरा आला. पुढच्यात दुसरा. डोळ्यांत वेगळंच काही चमकायला लागलं होतं. चालता चालता थांबायचा, तिच्या तळहातावर बोटाने चौकटी काढून चाली दाखवायचा. तिला अर्ध्या चाली कळायच्या नाहीत, कारण लक्ष बोटाकडे असायचं. पुस्तकाच्या शेवटच्या तपासणीत तिने ‘एक तरुण खेळाडू’ खोडलं आणि तिथे त्याचं पूर्ण नाव लिहिलं. खाली राजाची ती चालही दिली. तिच्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा काळ होता. आणि गंमत म्हणजे, तेव्हाच तिला ते कळत होतं.

मग त्याला परदेशातल्या एका संघाने बोलावलं. वर्षभर खेळायचं, गावोगाव फिरायचं. दवाखाना मावसभाऊ चालवणार होता. हे त्याने तिला दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं. तो वरच्या पायरीवर, ती खालच्या.

“आत्ता गेलो नाही तर पुन्हा कधीच नाही,” तो म्हणाला. “…जाऊ ना?”

तिच्या ओठांवर आलं होतं, मीही येते. मासिकाचं काम कुठूनही करता आलं असतं. पण त्याने ‘चल’ म्हटलं नव्हतं. आणि ‘थांब’ म्हणावं, तर ज्या माणसाला आपणच कोपऱ्यातून बाहेर काढलं त्याला पुन्हा कोपऱ्यात कसं लोटायचं?

“जा की!” ती हसून म्हणाली. छान हसली. “एवढं काय विचारताय?”

तो तिच्याकडे बघत राहिला. काहीतरी म्हणणार होता… मग त्याने नुसती मान हलवली.

आधी रोज फोन यायचा. मग स्पर्धा नसेल तेव्हा. मग हरला असेल तेव्हा. तो बरा खेळत होता, फार मोठा होत नव्हता. पण आवाजात तक्रार नसायची. तिच्याबद्दल विचारायचा, ती म्हणायची, “मजेत.” दोघंही इतकी शहाणी की कुणी कुणाला अडचणीत टाकलं नाही. वर्षाचा करार वाढला आणि अशीच दोन वर्षं गेली.

दरम्यान भावोजींच्या कचेरीतला एक जण घरी येऊ लागला होता. नकाशे काढायचा. उंच, जरा विसराळू, पण तिला ताप आला तेव्हा रोज येऊन दाराशी फळं ठेवून जायचा, आत न येता. त्याने मात्र सरळ विचारलं. तिने विचार करायला वेळ मागितला, त्याने दिला, आणि तिने हो म्हटलं.

त्यानंतर महिन्याभराने डॉक्टर दवाखाना बंद करायला आला. मावसभावाला नोकरी लागली होती. मावशीने तिला फोन केला, “आवराआवरीला ये गं, माझ्याने एकटीने नाही होत.” मावशीचा डाव होता तो, हे तिला कळलं, तरी ती गेली.

खोली अर्धी रिकामी होती. फरशीवर खुर्चीचा फिकट आकार उरला होता. दोघं कागदात बाटल्या गुंडाळत होती.

“मला वाटलं होतं, तू नको म्हणशील,” तो अचानक म्हणाला. “त्या दिवशी जिन्यात.”

तिचे हात थांबले. “मला वाटलं होतं, तुम्ही चल म्हणाल.”

“तुझं काम, तुझी ताई… मला वाटलं, आपण कोण तुला उचलून न्यायला.”

“आणि मला वाटलं, आपण कोण अडवायला.”

तो हसला, पण ते हसणं पाहवत नव्हतं. “काय सभ्य माणसं आहोत गं आपण!” मग हातातली बाटली खाली ठेवून तो तिच्यासमोर उभा राहिला. “आता म्हणतो. चल. मी फार मोठा खेळाडू नाही होणार, ते कळलंय मला. पण रोज संध्याकाळी डाव संपला की मी वळून बघतो, तुला दाखवायला… आणि तिथे कुणी नसतं. चल माझ्याबरोबर.”

किती दिवस ऐकायचं होतं तिला हे! अगदी याच आवाजात, याच खोलीत. तिचे डोळे भरून आले, तिने ते लपवले नाहीत.

“माझं लग्न ठरलंय.”

त्याने खाली ठेवलेली बाटली पुन्हा उचलली आणि कागदात गुंडाळली.

“चांगला आहे?” त्याने विचारलं.

“खूप.”

“तुला… आवडतो?”

ती खोटं बोलू शकली असती, इकडेही आणि तिकडेही. “हो,” ती म्हणाली. “तुमच्यासारखा नाही. तुम्ही आवडलात तसं पुन्हा नाही कुणी आवडायचं. पण त्याने मला विचारलं, आणि मी मनापासून हो म्हटलंय. ते आता मोडणार नाही मी.”

“मोडू नकोस,” तो लगेच म्हणाला. मग तिच्या गालावरून अंगठ्याने पाणी पुसलं, एकदाच. “मोडलंस तर तू तूच राहणार नाहीस.”

“गाडी आली रे!” खालून मावशीची हाक आली.

त्याने शेवटचं मोठं खोकं उचललं. जड होतं, तो जरा वाकला. त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून तो बाहेर पडेपर्यंत दार तिनेच धरून ठेवलं.