हजर उमेदवार

रोजगार कचेरीतल्या खुर्च्या जमिनीला बोल्टने आवळलेल्या होत्या. "आपण पळवून नेऊ म्हणून घाबरतात बिचारे," असं बाबा म्हणायचे. अकरा वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, ते यातल्याच एखाद्या खुर्चीवर बसत आले होते. आज गुरुवार होता आणि मुलगी बसली होती. मांडीवर प्लास्टिकची फाइल, तीत बाबांच्या मृत्यूचा दाखला. बाबांना जाऊन सव्वीस दिवस झाले होते.

काम एवढंच होतं: उमेदवारांच्या यादीतून त्यांचं नाव काढायचं आणि कारणाच्या रकान्यात 'मृत्यू' असं लिहून घ्यायचं. या परक्या देशात आईचं राहणं बाबांच्या नोंदणीवर उभं होतं. कारण 'मृत्यू' असेल तर विधवा म्हणून तिला राहता येणार होतं. दुसरं काहीही असेल, तर तीस दिवसांत बाडबिस्तरा गुंडाळायचा. कुठे जायचं, तर जिथे आता दार उघडणारं कुणी उरलं नव्हतं तिथे.

मुलगी छापखान्यात मुद्रितं तपासायची. कागदावरची चूक सहसा तिच्या नजरेतून सुटत नसे. तो दाखला तिने सहा वेळा वाचला होता.

खिडकीवरच्या बाईने नंबर टाकला आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "पण हे परवा येऊन गेलेत."

"कोण?"

"तुमचे वडील. मंगळवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी. अंगठा आहे."

"अहो, ते वारलेत. दाखला तुमच्या हातात आहे."

"दाखला आहे, हो. पण अंगठाही आहे ना."

बाबांचा अंगठा खिडकीवरच्या त्या ठशाच्या यंत्राने एकदाही घेतला नव्हता. अठ्ठावीस वर्षं फिटर. लोखंडावर कानस चालवून चालवून बोटांवरच्या रेषा पार झिजून गेलेल्या. ते अंगठा काचेवर टेकवायचे, पुसायचे, पुन्हा टेकवायचे. मागची रांग कुरकुरायची. हीच बाई सगळ्यांसमोर खेकसायची, "आजोबा, हात धुऊन येत जा की जरा!" मग उपकार केल्यासारखी हाताने नोंद करायची. बाबा तिला दर वेळी "आभारी आहे" म्हणायचे. त्या आभारांचा मुलीला तेव्हाही राग यायचा.

"यंत्र त्यांचा अंगठा घेत नाही," ती म्हणाली.

"तेच," बाईचा आवाज खाली आला. "परवा पहिल्याच झटक्यात घेतला."

तिने पडदा वळवला. ठसा स्पष्ट होता. रेषा खोल, ताज्या, लहान मुलाच्या बोटावर असतात तशा.

"कुणीतरी लबाडी करतंय. मला साहेबांना भेटायचंय."

साहेब पहिल्या मजल्यावर होते. खोलीत दोन टेबलं, एक रिकामं. साहेबांनी फाइल उघडली आणि अभिनंदन करावं तसे हसले.

"अहो ताई, त्यांची चाचणीसुद्धा झाली. उत्तम गुण."

"कसली चाचणी? अकरा वर्षं बसू दिलं नाहीत तुम्ही त्यांना चाचणीला! उस्तादांचं पत्र आणा म्हणालात. कारखाना बंद पडलाय म्हणून सांगितलं, तर म्हणालात, नियम आहे."

"नियम आहेच. पत्र आलं ना आता." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. बाबांना हाताला धरून काम शिकवणाऱ्या माणसाचं नाव, खाली सही.

"हे बाबांच्या लग्नाच्या आधी वारले."

साहेबांनी कागद आपल्याकडे फिरवून पाहिला. "सही आहे. तारीख मागच्या सोमवारची आहे. आणखी काय बघायचं आम्ही?"

मग त्यांनी खणातून पोलादाचे दोन तुकडे काढले. एकात चौकोनी खाच, दुसरा त्या खाचेत बसणारा. मुलीने जोड खिडकीसमोर धरला. सांध्यातून उजेडाची रेघसुद्धा येत नव्हती. तिने तो तिरपा केला. कानशीचे ओरखडे डावीकडे कललेले होते.

बाबा डावखुरे होते.

तुकडे इतके गार होते की तिची बोटं चिकटल्यासारखी झाली. तिने ते खाली ठेवले.

"हजर उमेदवारापुढे 'मृत्यू' लिहिता येत नाही. वर्कशॉपने निवड केलीय. सोमवारपासून रुजू. नाही आले तर 'कामास नकार' अशी नोंद होते, आणि मग तुमच्या आईंचा राहण्याचा परवाना त्याच दिवशी..." साहेबांनी हात उडवला.

"माणूस जिवंत होता तेव्हा काम नव्हतं तुमच्याकडे!" तिचा आवाज तिलाच परका वाटला. "फरशा पुसल्या त्यांनी. पोती उचलली. साठीच्या माणसाला हात धुऊन या म्हणालात! आता देताय? आता?"

साहेब शांतपणे ऐकत होते. असं ऐकायचं त्यांना शिकवलेलं असावं.

"द्या मग!" ती म्हणाली. "एवढी हौस आहे तर द्या काम!"

"स्वीकारपत्रावर सही लागेल. उमेदवार आत्ता समोर नाहीत, तर घरच्यांची चालते."

आईचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला. तिने पेन उचललं. सही इतक्या रागाने केली की कागद फाटला. साहेबांनी तो चिकटपट्टीने नीट जोडला.

आईचा नवा परवाना तिसऱ्या आठवड्यात टपालाने आला. आईने तो दोनदा वाचला, कपाटात ठेवला, काही विचारलं नाही. त्या रात्री ती दीड महिन्यात पहिल्यांदा गाढ झोपली. मुदतीच्या रकान्यात तारीख नव्हती. 'उमेदवार कामावर असेपर्यंत' एवढंच छापलं होतं.

मुलीने ते सात वेळा वाचलं.

मंगळवारी भर दुपारी छापखान्यात तिला फोन आला.

"फिटरची मुलगी ना तुम्ही? मी वर्कशॉपचा फोरमन."

तिने टेबलाची कड धरली. "बोला."

"कामाबद्दल बोलायलाच नको, सोन्यासारखं आहे. पण पाळी सुटली तरी हात थांबत नाही त्यांचा. जेवत नाहीत, बसत नाहीत. फक्त रोज शटर ओढताना विचारतात, झालं का? जाऊ का मी आता?"

"मग जाऊ द्या ना त्यांना!"

"मी कोण सोडणारा, ताई? स्वीकारपत्रावर ज्याची सही, त्यानेच सोडवायचं. काल तेच सांगितलं त्यांना. सही दाखवली."

"काय म्हणाले?"

"बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, पोरीने केलीय ना, म्हणजे काहीतरी कारण असेल. आणि लागले पुन्हा कामाला."

फोरमनच्या आवाजामागे कानस चालत होती. लांब ओढ, लहान ओढ. लांब ओढ, लहान ओढ.

"मग काय करू?" फोरमनने विचारलं. "सोडवताय का त्यांना?"

कानस थांबली.