पिवळ्या छर्ऱ्याची बंदूक

अहेरीच्या बाजारात गोकुळा शिंगी अन् मरळ अशी मासोळी मांडून बसली होती, तेवढ्यात कुठून तरी एक पिवळा मणी टप्पकन तिच्या टोपल्यात येऊन पडला. चिमटीत धरून तिनं तो उन्हाकडे केला. वाटाण्याहून बारका, गुळगुळीत, प्लास्टिकचा. दुसरी एखादी असती तर फेकून गिऱ्हाइकाकडे वळली असती. पण गोकुळा तलावाकाठची पोर, मुंगी चावली तर वारूळ शोधायला निघणारी. शेजारणीला टोपल्याकडे पाहायला सांगितलं, ओढणी कमरेला बांधली अन् निघाली.

प्लास्टिकच्या भांड्यांच्या पलीकडे एक पोरगा ताडपत्री टाकून बसला होता. मागं बांबूला नेमासाठी पावडरचा रिकामा डबा टांगलेला, पुढ्यात खेळण्यातल्या बंदुका, लांब अन् आखूड. नाकीडोळी काही फार नव्हता, पण हात मोठे निवांत होते. हातात राग नसला की माणूस अर्धा देखणा दिसतो.

"लागलं काय बाई?" त्यानंच आधी विचारलं.

तोंडभर शिव्या जमवून आलेली गोकुळा... तिला त्यातली एकही आठवेना.

"मले नाई. माह्या मासोळीले लागलं असतं."

"मेलेल्या मासोळीले काय लागते?"

"मेली नाई भाऊ, शिंगी हाय. तुह्यापेक्षा जिती हाय."

पोरगा हसला. हसताना त्याचा एक गाल खोल जाई. गोकुळानं ते पाहिलं अन् पाहिलंच नाही असं दाखवायला बंदुकांकडे पाहायला लागली. बाजारात परक्या माणसाला भाऊ म्हणायचं, ही आपल्याकडची रीत. बोलायची सोय होते अन् कोणाला बोट ठेवायला जागा उरत नाही. तीही म्हणाली भाऊ. पुढं हाच शब्द तिच्या घशात अडकणार होता, ते तिला काय माहीत.

बंदुकांकडे पाहता पाहता तिला घरची वाडी आठवली. वालाचा मांडव काळतोंड्या वानरांनी ओरबाडून टाकला होता. वांगी एक एक घास खाऊन फेकत, जशी मामाच्या लग्नाला आली होती. तिनं विचारलं, यानं वानर भिते काय?

त्याचं नाव प्रवीण. दुसरा दुकानदार असता तर सगळ्यात महाग ती गळ्यात बांधून मोकळा झाला असता. यानं आधी विचारलं, वानराले मारायचं हाय का पळवायचं? मारुतीरायाला कोण मारेल, गोकुळा म्हणाली, पळवायचं. तसं त्यानं कोपऱ्यातली लोखंडी बंदूक आणखी मागं सरकवली. ती शिशाच्या छर्ऱ्याची, कातडं फाडते. वानरावर चालवली तर पाप अन् फॉरेस्टवाले दोन्ही मागं लागतील. ही प्लास्टिकची नुसती चरचरते. तीही अंगावर नाही, बाजूच्या फांदीवर मारायची. आवाजानंच ते पळतात. समोर माणूस असला की बोट घोड्यावर ठेवायचं नाही, अन् डोळ्याला चष्मा लावायचा. डोळा गेला तर बाजारात दुसरा मिळत नाही.

गोकुळाला चार्जिंगची आवडली, तिला लाल दिवा होता. त्यानं गावातल्या लाइनीचं विचारलं. लाइन जावयासारखी येते, तिनं सांगितलं, मनात आलं तर. मग हे चार्ज कुठं करशील, तो म्हणाला, अन् स्प्रिंगची काढून दिली. दर वेळी हातानं ओढायची, पण कोणाच्या भरवशावर राहत नाही. दस्ता कोपराच्या खोबणीत ठेवायला लावला. बोट घोड्यापर्यंत सहज पोचलं तर बंदूक आपल्या मापाची. गोकुळानं सहज बांबूवरच्या डब्याकडे नळी रोखून पाहिली. छर्रा तळहातावर गोल फिरवून दाखवला. शिवण लागली, खरखरीत वाटला, तर घ्यायचा नाही, नळीत अडकतो. अन् नळीच्या टोकाचं लाल रंगाचं बोंडूक काढायचं नाही, काळं करायचं नाही, बशीत चढताना पोत्यात गुंडाळायची. "आपल्या मुलखात काळी बंदूक खांद्यावर टाकून फिरशील," तो हळूच म्हणाला, "तर पोलिस अन् जंगलातले, दोन्हीकडून बोलावणं येईल."

एवढं सगळं सांगितलं. नेम कसा धरायचा, तेवढं मात्र सांगितलं नाही. गोकुळाला वाटलं, त्यात सांगण्यासारखं काही नसेलच.

घरी कुंपणाच्या खुंटावर तिनं डबा ठेवला अन् छर्रे झाडायला लागली. छर्रा खाली मातीत. पुन्हा ओढली, पुन्हा मातीत. वानरं मांडवावर बसून शेंगा सोलत तिची गंमत पाहत होती. तिची आई, अन्नपूर्णाबाई, उंबऱ्यातून म्हणाली, बंदूक आणली का त्यांच्यासाठी तमाशा आणला? गोकुळा तणतणत पुढच्या बाजाराला गेली. बंदूक खोटी हाय म्हणाली. प्रवीणनं हूं का चूं न करता दुसरी काढून दिली, बसायला स्टूल दिलं, नळी अशी पुसायची, स्प्रिंग ओढून ठेवून झोपायचं नाही, असं बरंच सांगत बसला. त्या दिवशी उठताना गोकुळानं त्याला भाऊ म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही. "येतो," एवढंच. तोही बाई म्हणाला नाही. दोघांनाही ते ऐकू आलं.

ती दुसरी बंदूकही खालीच मारे.

मग गोकुळा बाजाराची वाट पाहू लागली. बंदूक वापस करायची आहे, असं ती आईला सांगे अन् मोगऱ्याच्या तेलानं केस विंचरे. मासोळीच्या टोपल्याला मोगरा कशाला लागतो, आईनं विचारलं नाही. बायांना न विचारता कळतं.

अन् पुढच्याच बाजाराला तिच्या स्टुलावर दुसरीच बसलेली दिसली.

दिव्यानी तिचं नाव. ऊर्जानगरची, बाप वीज केंद्रात. अहेरीला मावशीच्या क्वार्टरवर राहायला आलेली. स्कूटी, डोक्यावर चढवलेला गॉगल अन् नखांना मोतिया रंग. मावशीच्या गच्चीवरचे पापड वानरं नेतात म्हणून तिलाही बंदूक हवी होती. हवी तर हवी. पण प्रवीण तिच्या मागं उभा राहून तिचा कोपर दोन बोटांनी वर उचलत होता... दोनच बोटं, पण गोकुळाला ती आपल्या काळजावर रुतल्यासारखी झाली. टण्णकन आवाज आला. डबा गरगर फिरला. "लागला, प्रवीण," दिव्यानी म्हणाली.

नुसतं प्रवीण. भाऊ नाही, काही नाही. जे नाव गोकुळानं अजून रात्री उशीत तोंड खुपसूनही पुरतं उच्चारलं नव्हतं, ते हिनं भर बाजारात चिवड्यासारखं तोंडात टाकलं.

गोकुळा दुकानापर्यंत गेलीच नाही. मागं फिरली, आपलं टोपलं उचललं अन् बरोबर त्याच्या समोर आणून मांडलं. वारा त्या बाजूनं वाहत होता. दिव्यानीनं नाकाला रुमाल लावला. गोकुळानं मरळ कापायला घेतली, अन् विळ्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा यायला लागला. दुसऱ्या पोरीला राग आला की भाजीत मीठ जास्त पडतं; हिनं त्या दिवशी गिऱ्हाइकाला तोलून दिल्यावर वर एक एक शिंगी फेकली, मोजायला डोळे जाग्यावर होते कुठं? शेजारीण म्हणाली, गोकुळा, आज दानधर्म काढला काय व? गोकुळा म्हणाली, गप बस.

घरी आल्यावर तिला जेवण गेलं नाही. पितळी गुंडीतल्या पाण्यात तोंड पाहिलं. नाक बरं होतं, डोळे बरे होते. हात मात्र काट्यांनी ओरबाडलेले, नखांत खवले. ती नखं तिनं चिंचेनं घासली, राखेनं घासली. मग एकाएकी सगळं सोडून दिलं. या हातांनी घर चालते, म्हणाली मनाशी, आवडले नाई तर जाय तिकडं. तिकडं म्हणजे कुठं, ते आठवलं अन् पुन्हा घासायला लागली.

पुढच्या बाजाराला ती ठरवूनच गेली. बंदूक आदळायची, बोलायचं नाही, परत यायचं. पण दिव्यानी तिथं होतीच, छर्रे न्यायला आलेली, अन् स्टुलावर पाय हलवत बसलेली. प्रवीण गोकुळाला पाहून अर्धा उठला.

"हीबी खोटी हाय," गोकुळा म्हणाली. "तुह्या दुकानात सगळंच खोटं हाय."

"मारून दाखव," तो म्हणाला. आवाज मात्र पडलेला.

तिनं दस्ता खांद्याला लावला, दात आवळले. छर्रा डब्याच्या खालून गेला. दिव्यानी हसली. वाईट मनानं नाही, पण हसली. "अगं, तू खाली धरतेस. जिथं मारायचं, तिथंच बघ ना. प्रवीणनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. कोणता डोळा मिटायचा, श्वास कधी रोखायचा, सगळं. तुला नाही सांगितलं?"

गोकुळानं बंदूक ताडपत्रीवर ठेवली. आदळली नाही. ठेवली. तेव्हाच प्रवीणला कळलं असणार की पाणी डोक्यावरून गेलं.

छर्रे घेऊन दिव्यानीची स्कूटी निघून गेली. बाजाराचा गलका चारी बाजूंनी चालू होता, अन् गोकुळाच्या पायाशी टोपल्यात शिंगी वळवळत होती.

"तिले सगळं शिकवलंस," गोकुळा म्हणाली. "मले अर्धं. काऊन? मी मासोळीवाली म्हून?"

"मीबी ढिवराचाच हाव," तो म्हणाला. "माह्या बापानं जाळं सोडून दुकान धरलं, एवढंच. म्हून तर पहिल्याच दिवशी समजलं मले."

"काय समजलं?"

"तुहा हात." तो तिच्याकडे पाहत नव्हता, तळहातावरचा एक छर्रा उगाच फिरवत होता. "तू पाण्यातल्या मासोळीवर नेम धरतेस. सळी मारताना कसं... मासोळी दिसते तिथी नसते, खाली असते. म्हून दिसते त्याच्या खाली मारायचं. माह्या आज्याचा हातबी तसाच होता. डबा काई पाण्यात नाई, गोकुळा. बंदूक एकबी खोटी नव्हती."

गोकुळानं आपल्या हातांकडे पाहिलं. लहानपणापासून तलावात बापाच्या मागं डोंग्यात उभी राहून शिकलेला हात... तो खुंटावरच्या डब्यालाही मासोळी समजत होता, अन् तिला स्वतःला पत्ता नव्हता. यानं मात्र एका नजरेत ओळखलं. पण राग एवढ्यानं जातो थोडाच.

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तिले सांगितलं. ती शिकली, पैसे देल्ले, गेली. छर्रे सरले तवा आली." तो थांबला. "तुले सांगितलं असतं तर तूबी गेली असतीस. आन् तू तर छर्ऱ्यालेबी आली नसतीस. मातीतले येचून धुऊन वापरले असतेस."

हे खरं होतं. गोकुळानं दोनदा वेचले होतेच.

"माह्यी वाडी खाल्ली वानरांनं," ती म्हणाली. हसायचं की रडायचं, ते तिचं तिलाच ठरेना. "अख्खा मांडव गेला. तुह्या पायी."

"मी येतो राखायले."

"मी बोलावलं नाई."

"मंग नको येऊ?"

गोकुळा टोपलं उचलून निघाली. दोन पावलं गेली, अन् मागं न पाहता म्हणाली, बशीनं येशील तर तलावाच्या पाळीवर उतरजो, पुढं उतरलास तर चिखल हाय.

तो आला. अंगात धुतलेला सदरा, हातात पोत्यात गुंडाळलेली बंदूक. वानरं वाडीत होतीच; गोकुळानं बंदूक खांद्याला लावली. प्रवीण तिच्या मागं उभा राहिला, हात लावला नाही. नुसतं म्हणाला, पाणी विसर. तिनं पाणी विसरायला डोळे क्षणभर मिटले, उघडले अन् दिसलं तिथंच मारलं. मांडवाच्या बांबूवर टक्कन वाजलं. हुप्प्या दचकला, दात विचकले, अन् सगळी टोळी हुपहुपत चिंचेवर गेली.

आवाजानं शेजारपाजारच्या पोरी कुंपणाला जमल्या. रुपाली म्हणून गल्लीतलीच एक, ती वेणी पुढं घेऊन म्हणाली, आमच्याबी वाडीत येतात वानरं, मलेबी दाखवा नं, डोळा कोणता मिटायचा? प्रवीण दाखवायला वळला. गोकुळानं बंदूक दिली नाही. दस्ता छातीशी धरून उभी राहिली.

अन्नपूर्णाबाई हे सगळं पायरीवरून पाहत होती. आता ती उठली, पदर सारखा केला. आडनाव विचारलं, गाव विचारलं, आई-बाप कसे आहेत विचारलं. मग म्हणाली, "बंदूक विकून झाली नं? आता काय विकायचं राह्यलं?"

प्रवीणचे कान लाल झाले. "विकायचं काई नाई, मावशी," तो म्हणाला. "मागायचं हाय... घरच्यांले घेऊन येतो म्हटलं. तुमची मर्जी असंल तर."

"माह्यी मर्जी मंग पाहू. जिले मागून राह्यला, तिले विचार."

कुंपणावरच्या पोरींनी माना पुढं काढल्या. गोकुळा नळीवरची धूळ ओढणीच्या टोकानं पुसत होती. बराच वेळ पुसली.

"बाजारात बाया आल्या बंदूक पाहायले," शेवटी ती म्हणाली, "तर त्याईले मी शिकवीन. यानं माणसांले शिकवायचं."

"मंजूर," प्रवीण म्हणाला. थोडं थांबून त्यानं विचारलं, "आन् म्हाताऱ्या बाया?"

"त्याबी मीच."